ताट एकच असू द्या, वस्तरा मात्र वेगळा

हिपॅटायटिस बी हा आजार आपल्या घरांत बहुधा अवचित कळतो. मुलगा नोकरीसाठी सौदीला किंवा कतारला निघालेला असतो. पासपोर्ट झालेला, एजंटला पैसे दिलेले, आणि व्हिसाच्या मेडिकलमध्ये 'अनफिट' असा शेरा येतो. कधी ईद-ए-मिलादच्या रक्तदान शिबिरात तरुण हौसेने रक्त देतो आणि काही दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे येते. कधी सून पहिल्या बाळंतपणासाठी नाव नोंदवायला जाते आणि रक्ताच्या रिपोर्टवर लाल शाईने एक ओळ लिहून येते. तिघांनाही काही त्रास नसतो. डोळे पिवळे नसतात, भूक चांगली असते, कामधंदा सुरू असतो.

मग घरात दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर घाबरून त्या माणसाचे ताट, पेला, अंथरूण वेगळे केले जाते. लहान मुलांना त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत, ठरलेला रिश्ता मोडतो. नाही तर 'लोक काय म्हणतील' म्हणून रिपोर्ट कपाटात लपवला जातो आणि पुढे काहीच केले जात नाही. पहिल्या वागण्याने माणूस विनाकारण दुखावतो. दुसऱ्या वागण्याने आजार बायकोपर्यंत आणि बाळापर्यंत पोहोचतो. या महिन्यात आपण हा आजार नेमका कशाने पसरतो, कशाने पसरत नाही आणि तो ओळखायचा कसा, एवढेच नीट समजून घेऊ.

कावीळ एक नाही

आपल्याकडे कावीळ म्हटले की लोक पाणी उकळतात, तेलकट बंद करतात आणि उसाचा रस सुरू करतात. पावसाळ्यात गावात एकदम दहा-वीस जणांना होते ती कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते. ती घाण पाण्यातून आणि अन्नातून पसरते. हिपॅटायटिस बी त्यांच्यापेक्षा वेगळा. तो रक्तातून आणि शरीरातील काही स्रावांतून पसरतो.

हा फरक समजायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि हजारो लोकांना कावीळ झाली. त्या साथीतील रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी अमेरिकी संशोधकांसोबत ते तपासले. १९८० मध्ये त्यांनी दाखवून दिले की ही कावीळ ए-ची नाही आणि बी-चीही नाही. त्या पाण्यातल्या विषाणूला पुढे 'ई' हे नाव मिळाले. बी-चा शोध त्याआधी, १९६५ मध्ये, अमेरिकेतील डॉ. बरूच ब्लमबर्ग यांच्या कामातून लागला होता. त्याबद्दल त्यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

पाण्याची कावीळ बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जाते, मात्र गरोदर बाईला 'ई' धोक्याचा ठरू शकतो. बी काही जणांच्या यकृतात वर्षानुवर्षे मुक्काम करतो. माणूस ठणठणीत दिसतो आणि आतून यकृत हळूहळू कडक होत जाते. वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी होणे किंवा यकृताचा कर्करोग, अशा रूपाने तो बाहेर येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा दीर्घकाळचा संसर्ग होता. त्यांतल्या फारच थोड्यांना तो असल्याचे माहीत आहे.

पसरतो कसा?

मुख्य वाटा चार आहेत.

पहिली वाट आईकडून बाळाकडे, बाळंतपणाच्या वेळी. ही सर्वांत महत्त्वाची, कारण जन्मतः लागण झालेल्या १० बाळांपैकी ९ बाळांमध्ये हा विषाणू कायमचा राहतो. निरोगी मोठ्या माणसाला लागण झाली तर १०० पैकी ९५ हून अधिक जणांचे शरीर त्याला स्वतःच हुसकावून लावते. म्हणजे ज्याला बोलताही येत नाही त्याच्यावर हा आजार सर्वांत जास्त जुलूम करतो.

दुसरी वाट वापरलेली सुई आणि सिरिंज. २००९ च्या सुरुवातीला गुजरातमधील साबरकांठा जिल्ह्यातल्या मोडासा भागात हिपॅटायटिस बी-ची मोठी साथ आली. अनेकांचे प्राण गेले. तपासात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचे उघड झाले. ताप आला की 'डॉक्टर, एक सुई मारा, सलाईन लावा' असा आग्रह आपणच धरतो. गोळीने भागत असेल तर गोळी घ्यावी. इंजेक्शन लागलेच तर सिरिंजचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही, चांगला डॉक्टर स्वतःच तसे करतो.

तिसरी वाट पती-पत्नीचा संबंध. एकाला संसर्ग असेल आणि दुसऱ्याने लस घेतलेली नसेल तर धोका असतो. असा संसर्ग निघाला म्हणजे कोणाचे चारित्र्य वाईट, असा अर्थ काढू नये. बहुतेकांना तो जन्मतः किंवा लहानपणीच झालेला असतो, आणि कोठून झाला ते शेवटपर्यंत कळत नाही.

चौथी वाट रक्त लागलेली हत्यारे आणि वस्तू. हा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना दिसणार नाही इतके रक्तही पुरेसे असते. हत्यार डेटॉलच्या बोळ्याने पुसले किंवा लायटरच्या ज्योतीवरून फिरवले म्हणून ते सुरक्षित झाले, असे धरून चालू नये.

आता कशाने पसरत नाही ते पाहा. एका ताटात जेवल्याने पसरत नाही. एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, मुसाफा केल्याने, गळाभेट घेतल्याने, मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहिल्याने, एकाच हौदावर वुजू केल्याने, खोकल्याने किंवा डासाने पसरत नाही. रुग्णाच्या हातचे जेवण खुशाल खावे. दस्तरखानावर एका थाळीत जेवणे ही आपल्या घरांची रीत आहे. या आजारासाठी ती मोडायचे काहीच कारण नाही.

आपल्या घरातले प्रसंग

ताट वेगळे करायचे नाही, मग वेगळे काय करायचे? जिथे कातडी कापते, टोचते किंवा खरवडते ते सगळे.

*खतना.* मुलाचा खतना शक्यतो रुग्णालयात किंवा सर्जनकडून करून घ्यावा. सामुदायिक कार्यक्रम असेल तर आयोजकांना एकच प्रश्न विचारावा : प्रत्येक मुलासाठी निर्जंतुक केलेली वेगळी हत्यारे आहेत का? एकाच हत्याराने रांगेतली मुले होत असतील तर आपले मूल तिथे देऊ नये.

*अकीका.* सातव्या दिवशी बाळाचे डोके उतरवताना पाते नवे हवे, पाकिटातून त्याच वेळी काढलेले. बाळाची कातडी फार नाजूक असते.

*हिजामा.* हिजामा करून घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे. यात कातडीला चिरा देऊन रक्त काढतात. म्हणून पाते नवे, कप एकदाच वापरून टाकून द्यायचे, आणि करणाऱ्याच्या हातात हातमोजे, या तीन गोष्टी असतील तरच बसावे. 'कप धुऊन घेतलेत' हे उत्तर पुरेसे नाही.

*हज आणि उमरा.* एहराम उतरवण्यापूर्वी हजारो लोक एकाच वेळी डोके उतरवतात. परवाना असलेल्या न्हाव्याकडेच जावे आणि दुसऱ्याचा वस्तरा वापरू नये, अशी सूचना सौदी सरकारही यात्रेकरूंना देते. रस्त्याच्या कडेला बसलेल्याकडे किंवा सोबत्याच्या पात्याने हलक करू नये.

*दाढी आणि केस.* आठवडी बाजारात असो की शहरातल्या सलूनमध्ये, पाते प्रत्येकाला नवे लावायला सांगावे. आणखी एक वस्तू आपल्या लक्षात येत नाही, ती म्हणजे तुरटीचा खडा. कापलेल्या गालावर घासलेला तोच खडा पुढच्याच्या कापलेल्या गालावर घासला जातो. तुरटी नको म्हणावे किंवा घरून आपली न्यावी. घरातही बाप-लेकांनी एक रेझर वापरू नये. ब्रश आणि मिसवाक ज्याची त्यालाच.

*कान-नाक टोचणे.* मुलींचे कान टोचताना सुई नवी आणि पाकिटातली असावी.

*शुगर तपासणी.* अनेक घरांत साखर तपासायचे यंत्र आहे. यंत्र सर्वांना एक चालेल, पण बोटाला टोचायची सुई आणि टोचणारे पेन प्रत्येकाचे वेगळे हवे. यंत्रावर रक्त लागले तर ते लगेच पुसून निर्जंतुक करावे. मोहल्ल्यातल्या शिबिरातही हे पाहावे.

*मय्यतचे गुस्ल.* गुस्ल देणाऱ्यांनी प्रत्येक मय्यतला हातमोजे घालावेत, मग आजार माहीत असो वा नसो. त्यामुळे मय्यतचा मान कमी होत नाही आणि सेवा करणाराही सुरक्षित राहतो.

ओळखायचा कसा?

डोळे पिवळे झाले की नाही, यावरून हा आजार ओळखता येत नाही. लहान मुलांना लागण झाली तर बहुधा काहीच दिसत नाही. मोठ्यांपैकीही अनेकांना नुसता थकवा, मळमळ किंवा बारीक ताप येऊन जातो. लक्षणे आलीच तर लागण झाल्यापासून एक ते सहा महिन्यांत येतात, तोवर कारण विसरलेले असते.

म्हणून रक्ततपासणी हाच मार्ग. पहिली तपासणी एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा अंश रक्तात आहे का ते पाहणे. कार्डावर रक्ताचे थोडे थेंब टाकून ती अर्ध्या तासाच्या आत होते. पॉझिटिव्ह आली तर प्रयोगशाळेत एलायझा पद्धतीने खात्री करून घेतात. लागण झाल्यावर ही तपासणी पॉझिटिव्ह यायला साधारण महिना लागतो. सुई टोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी केलेली तपासणी निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नये. अशा वेळी चोवीस तासांच्या आत डॉक्टरांकडे जावे, कारण लगेच लस आणि गरज असल्यास तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देऊन लागण टाळता येते.

पॉझिटिव्ह आल्यावर पुढचा प्रश्न : लागण नवी की जुनी? त्यासाठी अँटी-एचबीसी आयजीएम ही तपासणी करतात. ती पॉझिटिव्ह असेल तर लागण बहुधा ताजी असते. एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही पॉझिटिव्ह राहिली तर संसर्ग दीर्घकाळचा धरतात.

तिसरा प्रश्न : यकृताला इजा होते आहे का? त्यासाठी एसजीपीटी, प्लेटलेट, सोनोग्राफी किंवा फायब्रोस्कॅन, आणि रक्तात विषाणू किती आहे ते मोजणारी एचबीव्ही डीएनए तपासणी. औषध सुरू करायचे की नाही हे या सगळ्यांवरून ठरते. एकट्या पहिल्या रिपोर्टवरून ठरत नाही.

चौथी तपासणी अँटी-एचबीएस. तिच्या नावावरून लोक फसतात. ही पॉझिटिव्ह म्हणजे चांगली बातमी : लशीमुळे किंवा आजार बरा झाल्यामुळे शरीरात संरक्षण तयार झाले आहे. दोन नावांत घोटाळा करून घरात रडारड होऊ नये, म्हणून रिपोर्ट डॉक्टरांकडूनच वाचून घ्यावा.

पॉझिटिव्ह आला तर

पहिले काम : नवरा-बायको, मुले, भावंडे आणि आई, सगळ्यांची तपासणी. जे निगेटिव्ह आहेत आणि ज्यांची लस झालेली नाही त्यांनी लस घ्यावी. मोठ्यांना तीन डोस लागतात : आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी.

ठरलेला रिश्ता मोडायचा का? मोडायचे कारण नाही. पण लपवायचेही नाही. निकाहाआधी दोन्ही घरांनी मोकळेपणाने बोलावे, समोरच्याची तपासणी करावी आणि लशीचे डोस पूर्ण करावेत. संरक्षण तयार झाले की नाही हे अँटी-एचबीएस तपासून पाहता येते. डोस पूर्ण होईपर्यंत काय काळजी घ्यायची ते डॉक्टर सांगतात. असा संसार इतर कोणत्याही संसारासारखाच होतो, मुलेही निरोगी होतात. लपवून केलेल्या निकाहात मात्र एका निर्दोष जीवाला कल्पना न देता धोक्यात घातले जाते. आपल्या दीनमध्ये निकाह हा विश्वासाचा करार आहे. त्यात अशी गोष्ट दडवणे योग्य ठरत नाही.

आई पॉझिटिव्ह असेल तर बाळंतपण रुग्णालयातच करावे. विषाणूचे प्रमाण फार जास्त असेल तर डॉक्टर सातव्या महिन्यापासून आईला गोळी सुरू करतात. बाळाला जन्मल्यावर शक्यतो १२ तासांच्या आत लस आणि एचबीआयजी हे प्रतिपिंडांचे इंजेक्शन, अशी दोन्ही देतात. बाळ ९ ते १२ महिन्यांचे झाले की त्याची तपासणी करावी. आईने बाळाला खुशाल अंगावर पाजावे. दूध तोडायला सांगणाऱ्यांचे ऐकू नये.

औषध प्रत्येकाला लागत नाही. लागले तर टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर अशी रोज एक गोळी असते, आणि ती बहुधा अनेक वर्षे घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून मनाने बंद केली तर आजार उसळून जिवावर बेतू शकते. रमजानमध्ये टेनोफोव्हिर इफ्तारनंतर घेता येते. एन्टेकॅव्हिर जेवणापासून दोन तास दूर ठेवायची असते, तिची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. यकृत फार खराब झालेले असेल तर रोजाबद्दलही त्यांना विचारावे. ज्यांना औषध नको असते त्यांनीही दर सहा महिन्यांनी तपासणी चुकवू नये.

आणि काविळीची माळ, नाकात सोडायचे थेंब, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन 'कावीळ उतरवणे' यांचे काय? पाणी पिवळे होते ते हाताला आधी लावलेल्या वनस्पतीच्या रसामुळे. शरीरातली कावीळ पाण्यात उतरत नाही. पाण्याची कावीळ आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. बी असेल तर महिने वाया जातात, आणि अनोळखी पाल्याचे काढे आधीच आजारी असलेल्या यकृताला आणखी इजा करू शकतात. दुआ जरूर करावी, आणि औषधही घ्यावे. आजार आला तर इलाज करा, ही आपल्या नबींचीच (स.) शिकवण आहे.

लस

ही लस यीस्टमध्ये तयार केलेल्या प्रथिनापासून बनते. तिच्यात कोणाचे रक्त नसते आणि जिवंत विषाणूही नसतो. भारतात अशी पहिली देशी लस १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने आणली आणि महागडी लस सामान्यांच्या आवाक्यात आली. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटही ही लस बनवते. सौदी अरेबियात १९८९ पासून ती मुलांच्या नेहमीच्या लसीकरणात आहे. आपल्या देशात ती २०११ पर्यंत सर्व राज्यांत पोहोचली.

सरकारी वेळापत्रक असे : पहिला डोस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत, आणि मग ६, १० व १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलंट या पाच आजारांच्या लशीतून. यातला पहिला डोस सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त चुकणारा. खासगी दवाखान्यात किंवा माहेरी बाळंतपण झाले की 'नंतर देऊ' म्हणून तो राहून जातो. घरी जाण्यापूर्वी बाळाच्या कार्डावर त्या डोसची तारीख लिहिलेली आहे का, हे आजी-आजोबांनी पाहावे. कानात अजान देण्याची जशी आठवण असते, तशी या डोसचीही असावी.

बारामती-इंदापुरात कुठे जावे?

बारामतीत सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय आणि २०१९ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय आहे. भिगवण, सणसर, माळेगाव, सुपे अशा गावांतल्या लोकांनी आधी आपल्या भागातील सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंकडे चौकशी करावी. केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. रुग्णालयात गेल्यावर या कार्यक्रमाचे नाव घेऊनच विचारावे. पुढच्या तपासण्यांसाठी पुण्याला ससूनमध्ये पाठवले तर कंटाळा करू नये, जुने सगळे रिपोर्ट एका पिशवीत घालून न्यावेत.

या महिन्यात प्रत्येक घराने दोन कामे करावीत. घरातल्या मोठ्यांनी एकदा एचबीएसएजी तपासून घ्यावी : ज्यांना पूर्वी रक्त चढवले आहे, ज्यांनी अनेक इंजेक्शने घेतली आहेत, ज्यांच्या घरात कोणी यकृताच्या आजाराने गेले आहे, त्यांनी तर नक्कीच. आणि लहान मुलांची लसीकरणाची कार्डे काढून पाहावीत. राहिलेले डोस आजही घेता येतात.

कोणाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्या रात्री त्याला नेहमीसारखे आपल्याच थाळीत जेवायला बसवा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत दवाखान्यात जा.